साक्षीला उभे केलेले मन

सरकारी कचेरीत अर्ज करताना गुणपत्रिकेच्या किंवा दाखल्याच्या झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. मूळ कागद तो अस्सल, त्याची उतरवून घेतलेली प्रत ती नक्कल, आणि नक्कल असूनही मुळाशी तंतोतंत जुळणारी ती सत्यप्रत, अशी ही साधी व्यवस्था. अस्सल आणि नक्कल हे दोन्ही शब्द अरबी मुळाचे. फारसी दप्तरांच्या वाटेने ते मराठीत आले आणि त्यांचा दप्तराचा व बाजाराचा वास अजून गेलेला नाही. अस्सल तूप, अस्सल हापूस, नकली नोट. अलीकडे मात्र आपण हाच शब्द माणसाच्या आयुष्यालाही लावू लागलो आहोत. ‘अस्सल जगा’, ‘स्वतःसारखे जगा’ असे सल्ले उठता-बसता मिळतात. तुपाचा अस्सलपणा प्रयोगशाळेत तपासता येतो. माणसाच्या बाबतीत ज्या मूळ प्रतीशी ताडून पाहायचे ती कोणत्या कपाटात ठेवली आहे, हे सल्ला देणारा सांगत नाही.

या लेखात त्या मूळ प्रतीचाच शोध घ्यायचा आहे. त्यासाठी काही युरोपीय विचारवंतांचे म्हणणे थोडक्यात पाहू आणि मग एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात येऊ, कारण तेथील दोन लग्नांनी हा प्रश्न जितका स्पष्ट केला आहे तितका मला कोणत्याही ग्रंथात झालेला दिसत नाही.

प्रथम दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत, कारण रोजच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ होते. चांगले जगणे म्हणजे काय, हा एक प्रश्न आहे. मी जे जगतो आहे ते माझे आहे का, हा दुसरा. पहिला प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने त्यावर सविस्तर लिहिले. त्याचा शब्द ‘युडायमोनिया’ असा आहे आणि त्याचे भाषांतर ‘सुख’ असे केले की निम्मा अर्थ गळून पडतो. त्याला मनाची एखादी सुखद अवस्था अभिप्रेत नव्हती. माणसाच्या ठायी असलेल्या क्षमता आयुष्यभराच्या वागण्यातून नीट फुलाव्यात, असे त्याचे म्हणणे होते. हे घडते कसे, तर सवयीने. घरे बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो, तसाच धीराची कामे करून धीट होतो. आधी आत धैर्य सापडते आणि मग ते बाहेर येते, असा क्रम ॲरिस्टॉटलला मान्य नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज पडणार आहे. त्याच्या विवेचनात ‘खरा मी कोण’ हा प्रश्न आजच्या अर्थाने कोठेही येत नाही.

तो प्रश्न आला युरोपात अठराव्या शतकात, आणि तो आणण्यात रूसो या विचारवंताचा वाटा मोठा होता. समाज माणसाला दुसऱ्याच्या नजरेतून जगायला शिकवतो, त्यामुळे तो स्वतःपासून दुरावतो, आणि सुटकेचा मार्ग आतल्या आवाजाकडे जातो, अशी त्याची मांडणी होती. ती मोहक आहे. आजचे बहुतेक सल्ले नकळत तिचीच उजळणी करतात. परंतु ज्या आत्मचरित्रात रूसोने आपले अंतरंग उघडे केले, त्याच आत्मचरित्रात आपली पाचही मुले त्याने पॅरिसच्या अनाथगृहात सोडल्याची कबुली आहे आणि त्या कबुलीसोबत समर्थनेही आहेत. आतला आवाज ऐकणारा माणूस तो आवाज बरोबर ऐकतोच असे नाही, आणि ऐकलेले सांगताना त्यात पदरचे काही घालत नाही असेही नाही. म्हणजे पहिल्याच साक्षीत खोट निघाली.

विसाव्या शतकात हा विषय जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर आणि फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र या दोघांनी अधिक कठोरपणे हाताळला. हायडेगरने १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘लोक’ या कल्पनेचे विश्लेषण केले. लोक वाचतात म्हणून आपण वाचतो, लोकांना धक्का बसतो तेव्हा आपल्यालाही बसतो, आणि हे ‘लोक’ म्हणजे कोण असे विचारले तर बोट दाखवायला एकही माणूस सापडत नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘चारचौघांत शोभेल असे’ या दोन वाक्प्रयोगांत त्यातला बराचसा आशय आहे. त्या चारचौघांची नावे आजवर कोणी सांगितलेली नाहीत. बहुतेक वेळ आपण या लोकांच्या स्वाधीन असतो, आणि स्वतःचा मृत्यू आपल्या वतीने दुसरा कोणी मरू शकत नाही हे उमगले की माणूस स्वतःकडे परत येऊ शकतो, असे हायडेगर सांगतो. मात्र १९३३ साली, फ्रायबुर्ग विद्यापीठाचा प्रमुख असताना, हाच विचारवंत नाझी पक्षात दाखल झाला. लोकांच्या कळपातून बाहेर पडण्याचे शास्त्र लिहिणारा माणूस त्या काळच्या सर्वांत मोठ्या कळपात गेला, हे केवळ विरोधाभास म्हणून सोडून देण्यासारखे नाही. निर्णय ‘माझा’ असणे आणि निर्णय ‘बरोबर’ असणे या दोन गोष्टी एकमेकींची हमी देत नाहीत. आणखी कटू सत्य असे की पूर्ण निष्ठेने, स्वतःच्या निर्णयाने दुष्टपणा करणारी माणसे असतात, आणि त्यांच्या अस्सलपणाने त्यांच्या कृत्याचे वजन कमी होत नाही.

सार्त्रचे उदाहरण तुलनेने घरगुती आहे. १९४३ च्या ग्रंथात तो कॅफेतल्या एका वेटरचे वर्णन करतो. त्याच्या हालचाली जरा जास्तच चपळ आहेत, तो गिऱ्हाइकापुढे जरा जास्तच तत्परतेने वाकतो. टेबल जसे टेबल असते तसा आपण वेटर आहोत, दुसरे काही असणे आपल्या हाती नाही, अशी समजूत तो स्वतःची आणि इतरांची करून देतो आहे. या स्वतःला फसवण्याला मराठीत आत्मवंचना म्हणता येईल. तिची देशी रूपे आपल्याला चांगली परिचित आहेत. ‘वरून आदेश आहे’, ‘आमच्यात अशीच पद्धत आहे’, ‘घरच्यांचा फार आग्रह होता हो’. ही वाक्ये खोटी असतात असे नाही. आदेश खरोखर आलेला असतो, आग्रह खरोखर झालेला असतो. फसवणूक असते ती वाक्याच्या न उच्चारलेल्या उत्तरार्धात: ‘म्हणून मी काही ठरवलेच नाही.’

याच आत्मवंचनेचे दुसरे रूप अधिक बेमालूम असते, कारण ते अस्सलपणाचाच वेष घेऊन येते. ‘मी असाच आहे’, ‘माझा स्वभावच फटकळ, पोटात एक ओठात एक मला जमत नाही’ असे सांगणारा माणूस स्वतःला प्रामाणिक समजतो. प्रत्यक्षात तो सार्त्रच्या वेटरपेक्षा वेगळे काही करत नाही. फक्त ‘वेटर’च्या जागी ‘स्वभाव’ हा शब्द आलेला आहे. आज कोणाला टाकून बोलायचे हे त्याने आज निवडलेले असते, आणि जबाबदारी मात्र जन्मपत्रिकेवर ढकललेली असते. स्पष्टवक्तेपणाची ख्याती असलेली बरीच माणसे साहेबांसमोर आश्चर्यकारक मृदू बोलतात, हे कोणी पाहिले नाही?

तर मूळ प्रत आतही सापडत नाही आणि बाहेरही सापडत नाही. येथे तुकोबांच्या एका ओळीची मदत घ्यावीशी वाटते. ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता’ ही ओळ आपण भाषणांत इतकी ऐकतो की तिच्यातला नेमका शब्द कानांवरून निसटतो. ग्वाही हा फारसीतून आलेला, कज्जेखटल्यांतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ साक्ष असा होतो. तुकोबांनी मनाला साक्षीदार केले. न्यायाधीश केले असे ते म्हणत नाहीत. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. न्यायाधीश निकाल देतो आणि प्रश्न मिटतो. साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. तो घाबरून बोलतो आहे का, पढवलेला आहे का, त्याचा या प्रकरणात काही स्वार्थ आहे का, काल एक आणि आज दुसरे असे सांगतो आहे का, हे सारे विचारता येते आणि विचारावेच लागते. ओळीचा परंपरेने होणारा अर्थ यापेक्षा साधा असू शकेल. परंतु शब्दाने दिलेली ही सोय सोडून देऊ नये असे माझे मत आहे.

ही ओळ ज्या अभंगात आहे तो तुकोबांनी स्वतःच्या आयुष्याविषयी सांगितलेला, ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’ असा सुरू होणारा अभंग होय. दुष्काळात द्रव्य आणि मान दोन्ही गेले, पत्नी अन्न अन्न करीत मेली, व्यवसायात तूट आली, हे सांगून झाल्यावर ते म्हणतात की एकादशीला कीर्तन करू लागलो तेव्हा ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’. मग संतांची काही वचने पाठ केली, आणि जे पुढे गात होते त्यांचे ध्रुपद मागून धरले. हा क्रम पाहण्यासारखा आहे. मन साक्षीला उभे राहण्याआधी पाठांतर आहे, दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवणे आहे, चित्त लागलेले नसतानाही केलेले कीर्तन आहे. बहुमत न मानणारा हा माणूस आरंभी उघडउघड अनुकरण करीत होता आणि ते सांगायला त्याला संकोच वाटत नाही. ॲरिस्टॉटलच्या वादकाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. स्वतःचा आवाज आधी शोधायचा आणि मग गायचे, असे घडत नाही. दुसऱ्यांचे ध्रुपद धरता धरता एखाद्या दिवशी आवाज स्वतःचा झालेला असतो.

आता पुण्यातल्या लग्नांकडे येऊ. १८७३ साली महादेव गोविंद रानडे ३१ वर्षांचे होते. विधवाविवाहाच्या चळवळीतले ते आघाडीचे नाव होते, धर्मशास्त्राच्या आधारे त्या विवाहाचा पुरस्कार करणाऱ्यांत त्यांचा अधिकार मानला जात होता. त्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी वारली. आता हे विधवेशी लग्न करतील अशी समर्थकांची अपेक्षा होती आणि नेमकी तीच वडिलांची भीती होती. वडिलांनी घाईने मुलगी पाहिली, रानड्यांनी नकार देऊन पाहिला, आणि अखेर वडिलांचा शब्द मोडवेना म्हणून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. तीच पुढे रमाबाई रानडे म्हणून ओळखली गेली. या लग्नावर विरोधक हसले आणि चळवळीतली माणसे दुखावली.

वीस वर्षांनी, १८९३ साली, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे याच वळणावर उभे होते. त्यांचीही पहिली पत्नी वारली होती. त्यांनी पंडिता रमाबाईंच्या (या रमाबाई रानड्यांहून वेगळ्या) शारदा सदन या विधवांसाठीच्या संस्थेत शिकत असलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरुड या त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला, आणि त्या बहिष्काराची झळ त्यांच्या घरच्यांनाही लागली. आपल्या निर्णयाची किंमत आपल्याबरोबर आईलाही मोजावी लागते, हा अस्सलपणाच्या चर्चेत सहसा न येणारा भाग आहे. पुढे त्यांच्या मुलाने, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी, संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली, १९२७ पासून १९५३ साली निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि जे लोकांना सांगत होते ते आधी स्वतःच्या संसारात करून दाखवले.

या दोन लग्नांची तुलना करून कर्वे अस्सल आणि रानडे नकली असा निकाल देणे फार सोपे आहे. तो निकाल शाळेतल्या निबंधाला शोभेल. सार्त्रने मात्र रानड्यांना वेगळाच प्रश्न विचारला असता: वडिलांचा आग्रह होता हे मान्य, पण त्या आग्रहाला निर्णायक वजन कोणी दिले? ते वजन रानड्यांनीच दिले. वडिलांना दुखवायचे नाही ही त्यांची निवड होती, आणि चळवळीला दुखवायचे हीसुद्धा. आत्मवंचना तेथे सुरू झाली असती जेथे त्यांनी या निवडीला तत्त्वाचे रूप दिले असते, म्हणजे विधवाविवाह आता तितकासा आवश्यक नाही, समाज अजून तयार नाही, असे म्हणायला सुरुवात केली असती. तसे त्यांनी केले नाही. ते चळवळीच्या बाजूनेच राहिले, टोमणे सोसत राहिले, आणि जे वडिलांसमोर जमले नाही त्याची थोडीफार भरपाई त्यांनी घरात केली. त्याकडे शेवटी येतो.

येथे आगरकरांची आठवण होते. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ हे वृत्तपत्र सुरू केले तेव्हा त्याचे ब्रीद होते, ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’. आगरकर तडजोडीसाठी प्रसिद्ध नव्हते. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. तरीही या ब्रीदात बोलण्याला एक माप आहे आणि करण्याला दुसरे. बोलायचे ते इष्ट असेल तितके सगळे. करायचे ते साध्य असेल तितके. उक्ती आणि कृती यांत अंतर राहणार हे येथे आधीच कबूल केलेले आहे. म्हणून अंतर आहे की नाही हे पाहून माणसाचा अस्सलपणा ठरत नसावा, असे मला वाटते. त्या अंतराला तो कोणत्या नावाने हाक मारतो, हे पाहावे. ‘मला हे जमले नाही’ असे म्हणणारा आणि ‘हे करायचेच नसते’ असे म्हणणारा, या दोघांचे वागणे बाहेरून सारखेच दिसते. पहिल्याच्या मनाची साक्ष मात्र अजून शाबूत आहे. दुसऱ्याने साक्षीदाराला पढवलेले आहे.

रोजच्या आयुष्यात याचा उपयोग करायचा तर उलटतपासणीचे प्रश्न फार गुंतागुंतीचे नसतात. मुलीच्या लग्नात ऐपतीबाहेर खर्च करणारा बाप ‘हौस आहे’ म्हणतो. हे लग्न जेथे कोणी ओळखीचे येणार नाही अशा गावी झाले असते तर ही हौस किती उरली असती? एखादी नोकरी सोडता येत नाही ती हप्त्यांमुळे की हुद्द्यामुळे? हप्ते फिटल्यावर उत्तर बदलणार आहे का? हप्त्यांमुळे नोकरीत राहणे यात कमीपणा काही नाही, कारण पोटापाण्याची गरज ही आत्मवंचना नव्हे. सिमोन द बोव्हार या फ्रेंच लेखिकेने सार्त्रच्या विचारात जी मोलाची भर घातली ती हीच: स्वातंत्र्य हवेत तरंगत नाही, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, आणि काहींची परिस्थिती इतरांनी मुद्दाम इतकी आवळलेली असते की ‘स्वतःसारखे जग’ असे त्यांना सांगणे ही थट्टा ठरते.

हा मुद्दा आपल्याला पुन्हा १८७३ कडे नेतो. रानड्यांनी काय निवडले, वडिलांनी काय निवडले, समर्थकांना काय हवे होते, यावर सव्वाशेहून अधिक वर्षे लिहिले जात आहे, आणि वरील परिच्छेदांत मीही तेच केले. या प्रकरणात जिला कोणी काहीही विचारले नाही ती अकरा वर्षांची मुलगी होती. माहेरी मुलींना शिकवण्याची रीत नसल्यामुळे तिला अक्षरओळख नव्हती. लग्नानंतर रानड्यांनी तिला शिकवायला घेतले, आणि सासरच्या बायकांनी त्यावरून तिचा छळ केला. दिवसा घरकाम आणि टोमणे, रात्री धडे, असे ते शिक्षण चालले. ती मराठी शिकली, इंग्रजी शिकली, सभेत बोलू लागली, आणि पतीच्या निधनानंतर १९०९ साली पुण्यातील सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेच्या स्थापनेत तिने पुढाकार घेतला.

रमाबाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्या १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत पतीविषयी अपार आदर आहे. पतीची इच्छा तीच आपली इच्छा, अशी भूमिका त्या पुन्हा पुन्हा घेतात. ही त्यांच्या मनाने दिलेली ग्वाही मानायची, की बालवयापासून घडवलेल्या मनाची पढवलेली साक्ष? आधुनिक वाचकाला दुसरे उत्तर लगेच सुचते, आणि ते पुरते चूकही नाही. पण मग तुकोबांचे पाठांतर, त्यांनी मागून धरलेले ध्रुपद, यांचे काय करायचे? सासरच्या बायकांचे बहुमत न मानता रात्री पाटी घेऊन बसणारी ती मुलगी कोणाच्या इच्छेने बसत होती, हे तिच्याखेरीज कोणाला सांगता येणार? तिने सांगितले आहे, आणि ते लग्नानंतर सदतीस वर्षांनी, ज्या अक्षरांत सांगितले ती अक्षरे तिला त्याच नवऱ्याने शिकवली होती.